पद नव्हतं, खडू होता

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी फोनवर मला विषय दिला, 'नेतृत्व'. मी म्हणालो, अहो, माणूस चुकला तुमचा. मी आयुष्यात एकच निवडणूक लढवली. ती याच शाळेत, नववीत असताना, शालेय मंत्रिमंडळाच्या क्रीडामंत्रिपदासाठी, आणि ती सात मतांनी हरलो. मला हरवणारे गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसले आहेत. आत्ता हसताहेत तेच. त्यांनी प्रचारात बोरं वाटली होती, हे मी आज पहिल्यांदा जाहीरपणे सांगतो.

निकाल लागला त्या दिवशी मी तोंड पाडून पाण्याच्या टाकीजवळ उभा होतो. आपले पीटीचे सर आले. गळ्यात शिट्टी, हातात खडूचा तुकडा. सांत्वन वगैरे करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते म्हणाले, "तुझं अक्षर बरंय. उद्यापासून वार्ताफलकावर मॅचचे निकाल तू लिहायचे." मी विचारलं, "सर, पण मंत्री तर तो आहे." सर म्हणाले, "मंत्री बिल्ला लावंल. निकाल कोण लिहिल?"

ते वाक्य मला तेव्हा अजिबात कळलं नव्हतं. मला एवढंच कळलं, की सकाळी प्रार्थनेच्या आधी अर्धा तास यायचं, ओल्या फडक्यानं फळा पुसायचा आणि लिहायचं: 'काल झालेल्या खो-खो सामन्यात आठवी ब ने नववी अ चा एक डाव व दोन गुणांनी पराभव केला.' नववी अ हा आमचा वर्ग. तेही मलाच लिहावं लागलं.

बारावीनंतर मी जालन्याला पदवीच्या वर्गात गेलो. साल १९९३. खेळायची हौस होती, पण अंगात चपळाई नव्हती. खो-खोच्या संघात पहिल्या वर्षी मला बारावा गडी म्हणून घेतलं, दुसऱ्या वर्षी तेही नाही. पण मी मैदानावर जात राहिलो, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. तिथं बसून गुणलेखकाच्या खांद्यावरून गुणपत्रिका वाचायला शिकलो. ज्यांनी खो-खोची गुणपत्रिका नीट पाहिली नाही, त्यांना वाटतं त्यात फक्त आकडे असतात. तसं नाही. कोण कितव्या मिनिटाला बाद झालं, कुणी कुणाला बाद केलं, कोणती तुकडी किती वेळ टिकली, सगळं त्यात असतं. सामना पाहिला नसला तरी गुणपत्रिकेवरून सामना सांगता येतो. आणि गंमत अशी, की सामना संपला की ती पत्रिका एका फायलीत जायची, फाईल कपाटात, आणि कपाटाची किल्ली शिपाई मामांकडे. आपण जिंकलो की हरलो हे कॉलेजातल्या निम्म्या पोरांना दिवाळीपर्यंत कळत नसे.

मग मी पुन्हा खडू उचलला. जिमखान्याबाहेर एक फळा होता, त्यावर 'सायकली येथे लावू नयेत' एवढंच लिहिलेलं असे. मामांना विचारून मी त्याच्याखाली निकाल लिहायला लागलो. क्रीडा संचालक सरांनी दोन दिवस पाहिलं आणि काहीच म्हणाले नाहीत. आपल्याकडं काही न म्हणणं म्हणजे परवानगी.

फळ्यावरून गोष्ट वर्तमानपत्रात गेली. आत्ताच्या मुलांना सांगायला हवं म्हणून सांगतो. आपली मोठी वर्तमानपत्रं औरंगाबादला छापली जात, साठेक किलोमीटरवर. मोबाईल नाही, फॅक्स एखाद्या एसटीडीवाल्याकडे, आणि तोही पानामागे पैसे घेणार. तेव्हा बातमी जायची ती एसटीनं. पाकिटावर वर्तमानपत्राचं नाव लिहायचं, संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं, आणि तिकडे स्टँडवर त्यांचा माणूस ते घ्यायचा. गाडी चुकली की बातमी शिळी. त्यामुळं सामना संपायच्या आत माझी अर्धी बातमी लिहून झालेली असे, आणि शेवटची ओळ मी स्टँडच्या बाकावर लिही. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं, की बाबा, तू कॉलेजचा कोण, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खेळाडू नाही, प्रतिनिधी नाही, वार्ताहर नाही.

हे सगळं मी कुणाकडे पाहून करत होतो तेही सांगतो. वि. वि. करमरकरांकडे पाहून. त्यांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाला रोजचं हक्काचं पान मिळवून दिलं, आणि त्या पानावर क्रिकेटच्या शेजारी कबड्डी, खो-खो मानानं बसायचे. वाचनालयात ते पान शिळं झाल्यावर आमच्या हाती येई, पण मी ते धडा वाचावा तसं वाचायचो. २०२३ च्या मार्चमध्ये ते गेले, तेव्हा मी घरात कुणाला काही सांगितलं नाही, जुनी वही काढून बसलो.

दुसऱ्या वर्षीची एक गोष्ट. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यासाठी माणसांनी किती वर्षं काय सोसलं होतं, हे इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या हंगामात पहिली बातमी लिहायला बसलो. कट्ट्यावरचे दोघे-तिघे म्हणाले, "नुसतं 'विद्यापीठाच्या स्पर्धेत' लिही ना. काहून लांबण लावतो?" एक जण दुसऱ्या बाजूनं म्हणाला, "पूर्ण लिहिलं नाहीस तर बघ." मी वीस वर्षांचा पोरगा. कुणाला विचारावं? सरांकडे गेलो असतो तर त्यांची पंचाईत झाली असती. मी पहिल्या ओळीत 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत' असं पूर्ण लिहिलं. धमकीला घाबरून नाही, किंवा धाडस म्हणूनही नाही. ते नाव होतं म्हणून. नाव अर्धं लिहायचं नसतं, हे मला फळ्यावर शिकवलेलं होतं. आडनाव विसरलं तर सर अख्खी ओळ पुसायला लावत. पुढं सगळ्या बातम्या तशाच गेल्या आणि महिन्याभरात कुणी त्यावर बोलेनासं झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं आणि परभणी, नांदेड, लातूरचे संघ आमच्या स्पर्धांतून गेले. परतूर-मंठ्याच्या पोरांना त्याचं फार वाईट वाटलं. १९८१ पर्यंत तो भाग परभणीतच होता, सोयरेधायरे तिकडचे.

आता जे सांगणार आहे, ते सांगावं की नाही याचा मी परवापासून विचार करतोय.

आमच्या मुलींच्या संघात अंबड तालुक्यातल्या एका गावची मुलगी होती. नाव सांगत नाही. का ते कळेलच. पळतीला अशी, की समोरच्या संघाला घाम फुटायचा. एका सामन्यात ती साडेतीन मिनिटं टिकली आणि सामना आमच्या बाजूनं फिरला. मी बातमी लिहिली. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि गाव. गाव मी मुद्दाम टाकायचो. एका अनुभवी वार्ताहरानं मला शिकवलं होतं, गावाचं नाव टाकलं की बातमी छापली जाते, कारण त्या दिवशी त्या गावात चार अंक जास्त खपतात. बातमी छापून आली. तीन ओळी. मी कात्रण फळ्याला टाचणीनं लावलं आणि दिवसभर तिथून येरझाऱ्या घातल्या.

चौथ्या दिवसापासून ती सरावाला आली नाही. आठवड्यानं कळलं, की घरी तिनं जादा तास असतात म्हणून सांगितलं होतं. खेळायचं तिनं आईलासुद्धा बोलून दाखवलं नव्हतं. पारावर कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचला, चुलत्यानं ऐकला, आणि पोरीचं कॉलेज बंद.

आमच्या मराठीच्या बाईंबरोबर मी त्या गावाला गेलो. बाई म्हणाल्या होत्या, तू येऊ नकोस. मी हट्टानं गेलो. तिच्या वडिलांनी आम्हाला खाट टाकली, पाणी दिलं, चहा दिला. आवाज चढवला नाही. बाईंचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही कोण कॉलेजचे?" मी म्हणालो, "मी बातम्या लिहितो." ते म्हणाले, "लेकराचं नाव पेपरात टाकायच्या आधी कुणाला विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. तिलासुद्धा नव्हतं विचारलं. मला वाटायचं, नाव छापणं म्हणजे देणं. त्यात काही घेतलंही जातं, हे मला कळलं नव्हतं. बाईंच्या शब्दाखातर तिला परीक्षेला पाठवलं, पण त्या हंगामात ती खेळली नाही. पुढच्या हंगामात तिचं लग्न झालं होतं. मी पदावर असतो तर कुणीतरी मला जाब विचारला असता, लेखी घेतलं असतं, काढून टाकलं असतं. मला काढायचं तर कशावरून काढणार? ती शिक्षासुद्धा मला मिळाली नाही.

त्यानंतर मी वहीत एक रकाना वाढवला. सामन्याआधी प्रत्येक खेळाडूला विचारायचं: नाव छापू का, गाव छापू का. तिथं 'हो', 'नाही', किंवा 'नुसतं नाव, गाव नको' असं लिहायचं. पहिल्या दिवशी मुली हसल्या. एक म्हणाली, "दादा, माझं टाका, मोठं टाका, माझ्या आज्जीला दाखवायचंय." आणि शेजारची हळूच म्हणाली, "माझं नको." ती तीन वर्षं संघात होती. इतके दिवस मी तिचं नाव छापत होतो आणि ती काही बोलली नव्हती. हा नियम कुठल्या परिपत्रकात नव्हता. पण भोकरदनच्या एका मुलानं, जो त्यांच्या कॉलेजात असंच बिनपगारी काम करायचा, माझी वही पाहून तसाच रकाना आखला. नंतर आणखी दोघांनी. आमची ओळख फक्त मैदानाच्या कडेला बसणाऱ्यांची.

शेवटच्या वर्षी मात्र मी रुसलो. तेव्हा नवा विद्यापीठ कायदा आला होता, १९९४ चा. विद्यार्थी मंडळाच्या थेट निवडणुका गेल्या, वर्गातून गुणवत्तेनं प्रतिनिधी आणि खेळाचा एक प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमायचा, अशी पद्धत सुरू झाली. मला वाटलं, आता आपलाच नंबर. नेमलं कुणाला, तर एका कबड्डीपटूला. नेमणूक योग्यच होती, खेळात चमकलेल्या मुलालाच ती जागा मिळायला हवी, आणि मुलगाही चांगला होता. पण मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी फळा लिहिला नाही. मनात म्हटलं, बघू या आता कसं चालतं.

दोन दिवस कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तुम्हाला सांगतो, त्या दोन दिवसांत जेवढा अपमान वाटला तेवढा पद न मिळाल्यानं वाटला नव्हता. चौथ्या दिवशी मुलींचा सामना सकाळी नऊऐवजी दुपारी तीनला ठेवला गेला. निरोप नेहमीसारखा तोंडी आला, आणि तो फळ्यावर लिहिणं हे 'कुणाचंच काम' नव्हतं. खेडेगावातून येणाऱ्या पाच मुली पहाटेच्या गाडीनं आल्या, अकरापर्यंत मैदानाच्या कडेला बसल्या, सामना रद्द झाला असं समजून परतीच्या गाडीला गेल्या. तीन वाजता आमचा संघ पुरा झाला नाही. समोरच्यांना पुढे चाल मिळाली.

तो नवा प्रतिनिधी संध्याकाळी माझ्या खोलीवर आला. मला वाटलं भांडेल. तो म्हणाला, "मला माहीतच नव्हतं हे सगळं तू करतो. मला वाटायचं ऑफिसातून होतं." त्यानं आपला बिल्ला काढून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, उचल तो, नाटकं करू नको. मग आम्ही दोघं खडूची पेटी घेऊन रात्री जिमखान्यावर गेलो, मामांना उठवून किल्ली घेतली. पुढचं वर्षभर पत्रांवर सही तो करायचा आणि पत्र मी लिहायचो. त्या पाच मुलींची माफी मागायला आम्ही दोघं गेलो होतो. त्यांपैकी दोघींनी ती स्वीकारली नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

एकच प्रसंग असा, ज्याचा मला थोडा अभिमान आहे. त्याच वर्षीचा अंतिम सामना. दिवस मावळायला आलेला, दोन्हीकडची पोरं दोरीपर्यंत आलेली. शेवटच्या गड्याला हात लागला तो शिट्टीच्या आधी की नंतर, यावर वाद. पंच सरपंचांकडे गेले, वेळाधिकारी घड्याळ दाखवताहेत. आणि इकडे मी, उतावळा, गुणफलकावर आमच्या नावापुढे एक गुण लिहून मोकळा. आमची पोरं नाचायला लागली, समोरची दोरी ओलांडून आत आली. माईकवाले गृहस्थ चहाला गेले होते. मी माईक उचलला आणि म्हणालो, "पंचांचा निर्णय अजून झालेला नाही. फलकावर जो गुण लिहिला तो मी घाईनं लिहिला. चूक पंचांची नाही, दोन्ही संघांची नाही, माझी आहे. मी तो पुसतो आहे." आणि सगळ्यांसमोर पुसला. समोरच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "शर्टानं पुसू नको, माय मारंल!" लोक हसले. हसलेला माणूस दगड उचलत नाही. दहा मिनिटांनी निर्णय आमच्या विरुद्ध गेला. तो मीच जाहीर केला, आणि संध्याकाळच्या गाडीनं आमच्या पराभवाची बातमी मीच पाठवली. मित्र पंधरा दिवस बोलत नव्हते. त्यातला एक तर अजूनही लग्नपत्रिका उशिरा पाठवतो.

पुढं नोकरी, संसार. पण ही सवय गेली नाही. डिसेंबर २०११ मध्ये आपल्या जालन्याच्या विजय झोलनं एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या. त्या दिवशी माझा फोन थांबत नव्हता. कुणी पाचशे सांगत होतं, कुणी ब्रॅडमनचा विक्रम मोडला म्हणून पेढे आणायला निघालेलं. ब्रॅडमन ४५२, म्हणजे एक कमी. आणि महाराष्ट्राच्याच भाऊसाहेब निंबाळकरांचे १९४८ चे नाबाद ४४३, तेही पुण्यात. मी प्रत्येकाला एवढंच म्हणत होतो, थांबा, खात्री करून सांगतो. ४५१ ला पेढे कमी पडतात का? २०१४ ला तोच मुलगा एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाचा कर्णधार म्हणून विश्वचषकाला गेला, तेव्हा मात्र कुणाला आकडे फुगवावे लागले नाहीत.

जुन्या वह्या मी ठेवल्या आहेत. सात आहेत. काही वर्षांपूर्वी एका बाईंचा फोन आला. नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी त्यांना स्पर्धेचं जुनं प्रमाणपत्र हवं होतं, ते पुरात का कशात गेलेलं, आणि दुय्यम प्रत मागायची तर वर्ष आणि ठिकाण अचूक लागणार. कात्रण तिथं चालत नाही, पण तारीख माझ्या वहीत होती. त्यांच्या नावापुढच्या रकान्यात मी तेव्हा लिहिलं होतं: 'हो, मोठं टाका.' मी त्यांना फोनवर ते वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आज्जी गेली हो दादा. कात्रण होतं तिच्या पेटीत."

आज सकाळी मी आपला वार्ताफलक पाहून आलो. रंग नवा दिलाय, वर शाळेचं नाव सुरेख काढलंय, खाली काहीच लिहिलेलं नाही. मुख्याध्यापक बाईंची परवानगी घेऊन आलोय, म्हणजे मी विचारलं आणि त्या काही म्हणाल्या नाहीत.

तर शेवटी एक सूचना. माजी विद्यार्थ्यांचा खो-खो सामना पत्रिकेत साडेचारला छापला आहे, तो आता पाच वाजता होईल, कारण मैदानावर पाण्याचा टँकर अजून आलेला नाही. गुडघ्यांचे त्रास असणाऱ्यांनी आपापली नावं आधी सांगावीत. फळ्याजवळ आठवीतली एक मुलगी वही घेऊन उभी आहे. ती तुम्हाला विचारेल, नाव लिहू का. तिला नीट उत्तर द्या.